सुगम्यता अधिकारी, दुसरा मजला

आमच्या कार्यालयाला सुगम्यता अधिकारी मिळाल्या, त्याच दिवशी एक तांत्रिक अडचण उपस्थित झाली. अधिकारी व्हीलचेअरमध्ये होत्या आणि त्यांचे टेबल दुसऱ्या मजल्यावर होते.

ही अडचण कोणाच्याही चुकीमुळे उद्भवली नव्हती, हे मी कार्यालयाचा अधीक्षक या नात्याने सुरुवातीलाच स्पष्ट करतो. वरून परिपत्रक आले होते. सार्वजनिक इमारती, तिथल्या सेवा आणि तिथल्या सूचना सर्व नागरिकांना, विशेषतः दिव्यांग नागरिकांना, सहज वापरता आल्या पाहिजेत. याला सुगम्यता म्हणावे. आणि हे सगळे पाहण्यासाठी प्रत्येक कार्यालयाने एक सुगम्यता अधिकारी नेमावा, तो शक्यतो स्वतः दिव्यांग असावा. साहेबांनी परिपत्रक वाचले, उलटे करून मागचे कोरे पानही पाहिले आणि मला बोलावले.

"शक्यतो म्हणजे काय हो?"

"म्हणजे शक्य असेल तर, साहेब."

"मग आपल्याकडे शक्य आहे का?"

"कागदोपत्री आहे, साहेब."

कागदोपत्री शक्य असलेली गोष्ट आमच्याकडे कधी अडत नाही. जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या आणि एका खासगी ऑफिसात इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एक बाई निवडल्या गेल्या. बाई हुशार होत्या. मुलाखतीत त्यांनी साहेबांनाच उलट दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे शोधण्याचे काम अजून आमच्याकडे चालू आहे. नेमणुकीच्या पत्रात नेहमीची अट होती: महिन्याच्या आत दुसऱ्या मजल्यावरील आस्थापना शाखेत समक्ष हजर राहून रुजू व्हावे, अन्यथा नेमणूक आपोआप रद्द समजली जाईल. पत्र हातात पडताच बाईंनी जुन्या नोकरीचा राजीनामा दिला. जुन्या मालकाने दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी नवा माणूस बसवला. त्यामुळे आता बाईंना आमच्याकडे रुजू होण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्या आल्या त्या त्यांच्या आत्याबरोबर. आत्यांनीच त्यांना लहानाचे मोठे केले होते म्हणे. आत्यांचे वय झाले होते, पण जीभ तरुण होती.

आमच्या दाराशी पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांशेजारी रॅम्प आहे. रॅम्प परिपत्रकाच्याही आधीचा आहे, याचा आम्हाला अभिमान आहे. पायऱ्या आणि साहेबांच्या गाडीची जागा यांच्यामध्ये जेवढी फट होती तेवढ्यात तो बसवायचा होता, म्हणून कनिष्ठ अभियंत्यांनी तो लांबीला कमी आणि उंचीला पुरेसा असा बांधला. पावसापाण्यात घसरू नये म्हणून त्याच्या मधोमध एक लोखंडी पाटी रोवली आहे: 'रॅम्प निसरडा आहे, वापर टाळावा.' आत्या खालून ढकलत होत्या, रस्त्यावरचे दोन भले गृहस्थ बाजूंनी धरत होते, आणि बाई स्वतः चाकांना असा जोर लावत होत्या की त्यांच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. पाटीला वळसा घालून त्या आत पोहोचल्या तेव्हा मी जिन्याच्या तळाशी स्वागताला उभाच होतो.

"या रॅम्पला काय म्हणतात तुमच्यात?" आत्यांनी धापा टाकत विचारले.

"रॅम्प," मी म्हणालो.

"आमच्यात घसरगुंडी म्हणतात."

बाई मात्र हसल्या. घाम पुसून त्यांनी फाइल मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "असू दे आत्या, हेच तर काम आहे आपलं. एकदा रुजू झाले की पहिल्यांदा तोच दुरुस्त करून घेते. अधीक्षकसाहेब, लिफ्ट दिसतेय ही. चला ना, वर जाऊन सही करून टाकू."

लिफ्ट होती. गेल्या वर्षीच बसवलेली, चकचकीत, दारावरचे प्लास्टिकसुद्धा अजून काढलेले नाही. मी बाईंना अत्यंत आदराने सांगितले की लिफ्ट अद्याप वापरासाठी खुली झालेली नाही. ती खुली करण्यापूर्वी ती सुगम्य आहे असे प्रमाणपत्र लागते.

"कोणाचं?"

"सुगम्यता अधिकाऱ्यांचं."

"म्हणजे माझं?"

"आपण रुजू झाल्यानंतर आपलं."

"मग मी आत्ता बघते लिफ्ट आणि देते प्रमाणपत्र."

"पण आत्ता आपण कोणीच नाही आहात, मॅडम," मी समजावले. "रुजू होईपर्यंत आपण नागरिक आहात. आणि नागरिकाच्या प्रमाणपत्रावर लिफ्ट चालत नाही."

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी ही परिस्थिती. नेमक्या त्याच वेळी लिफ्टचे दार उघडले आणि आतून साहेब बाहेर आले. बाईंना नमस्कार करून ते गाडीकडे निघून गेले. बाईंनी माझ्याकडे पाहिले.

"साहेब लिफ्टची चाचणी घेतात," मी म्हणालो. "रोज सकाळी वर जाऊन एकदा, संध्याकाळी खाली येऊन एकदा. शिवाय दुपारी जेवायला जाताना. स्वतः जातीने घेतात."

"मग माझ्यावरही घ्या चाचणी. आत्ताच घ्या."

"चाचणीला धडधाकट माणूस लागतो, मॅडम. मध्येच बंद पडली तर बाहेर पडून जिना चढता आला पाहिजे. आपल्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

मग बाईंनी दुसरा मार्ग सुचवला. आस्थापना शाखेच्या अधिकाऱ्यांनी पाच मिनिटे खाली यावे, इथेच जिन्याशी सही घ्यावी. सूचना वरवर पाहता साधी होती. अशाच सूचना फार फसव्या असतात. मी त्यांना नियम सांगितला. शाखेच्या अधिकाऱ्याला रुजू करून घेण्याचा अधिकार आहे, पण तो शाखेत बसलेला असताना. तो खाली आला की शाखेत नसतो. शाखेत नसलेल्या अधिकाऱ्यापुढे हजर राहणे म्हणजे एखाद्या वाटसरूपुढे हजर राहण्यासारखेच. आणि एकासाठी खाली आले की पायंडा पडतो. उद्या धडधाकट लोकही म्हणतील, आमच्यासाठी खाली या.

"बरं होईल की मग," बाई म्हणाल्या. "नाहीतरी सगळ्यांनाच चढायला लावता."

यावर नियमात उत्तर नव्हते, म्हणून मी दिले नाही. बाईंनी पुन्हा एकदा विनंती केली, हात जोडून केली. तेव्हा आत्यांनी त्यांचे जोडलेले हात खाली केले आणि माझ्याकडे बघून एवढेच म्हणाल्या, "अडला हरी…" पुढचे त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

जाताना बाईंनी रॅम्पबद्दल लेखी तक्रार दिली. तक्रारीची आम्ही गंभीर दखल घेतली. आमच्या कार्यालयात तक्रार हलक्यात घेतली असे एकही उदाहरण नाही. साहेबांनी समिती नेमली. कनिष्ठ अभियंते समितीपुढे म्हणाले, उतार जास्त आहे हे मोघम विधान आहे, व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला प्रत्यक्ष काय अनुभव येतो हे तपासल्याशिवाय काही म्हणता येणार नाही. व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती म्हणून बाईंना बोलवावे असे कोणीतरी सुचवले, पण त्या तक्रारदार होत्या, तटस्थ राहू शकल्या नसत्या. तेव्हा आमचे आवक-जावक शाखेचे कारकून पुढे आले. त्यांना सगळे 'आवकजावक' असेच म्हणतात. स्वभावाने सालस, कोणत्याही समितीला नाही न म्हणणारे. दवाखान्यातून एक खुर्ची मागवली, आवकजावकांना तीत बसवले, समिती पायऱ्यांवर उभी राहिली आणि शिपायाने हात सोडला.

व्हीलचेअर पाटीपर्यंत सरळ गेली. पाटीनंतर आवकजावक आणि खुर्ची वेगवेगळ्या वाटांनी गेले. खुर्ची साहेबांच्या गाडीला लागली. आवकजावक सायकल स्टँडला लागले आणि त्यांच्या उजव्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले. गाडीला फक्त ओरखडा आला, हे नशीब.

समितीचा अहवाल एकमताने झाला. रॅम्प धोकादायक आहे, तो कोणीही, विशेषतः व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी, वापरू नये. त्यावर लगेच अंमलबजावणी झाली. रॅम्पच्या खालच्या तोंडाला साखळी लावली, साखळीला कुलूप लावले. सरकारी काम म्हणजे सहा महिने थांब असे म्हणणाऱ्यांनी ही साखळी येऊन पाहावी, ती दुपारच्या जेवणाआधी लागली होती. दुरुस्तीचा प्रस्ताव तांत्रिक मंजुरीसाठी ठेवला आहे. तांत्रिक मंजुरी सुगम्यता अधिकारी देतील.

पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा आल्या, तेव्हा मागच्या वेळी निदान जिन्यापर्यंत पोहोचलेल्या त्या या वेळी दारापर्यंतही पोहोचल्या नाहीत. साखळीपलीकडे थांबून त्यांनी मला हाक मारली.

"साहेब, मी रॅम्प सुधारा म्हटलं होतं. बंद करा नव्हतं म्हटलं."

"तक्रारीचं निवारण झालंय, मॅडम. आता त्यावरून कोणी पडूच शकत नाही."

"कोणी चढूही शकत नाही."

"ती वेगळी तक्रार झाली," मी म्हणालो आणि तीही नोंदवून घेण्याची तयारी दाखवली. त्यांनी नोंदवली नाही. आत्या सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसून डबा उघडत होत्या. त्यांनी तिथूनच विचारले, "आणखी काय काय बंद करायचं राहिलंय? सांगून ठेवा, म्हणजे तक्रार करायला नको."

याच सुमारास आमच्या इमारतीची सुगम्यता तपासायला वरून एक तपासनीस येणार असल्याचे कळले. कार्यालयात उत्साहाचे वातावरण पसरले. दृष्टिहीनांसाठी ब्रेल लिपीतला माहितीफलक करून घेतला. हात लागून तो मळू नये म्हणून काचेच्या पेटीत लावला. फाटकापासून जमिनीवर ती पिवळी, उंचवट्याची पट्टी बसवली, पायाने चाचपत चालायची. माल जेवढा होता तेवढीच बसली, म्हणजे मोठ्या कुंडीपर्यंत. आता कोणीही दृष्टिहीन नागरिक कोणाच्याही मदतीशिवाय कुंडीपर्यंत पोहोचू शकतो. ऐकू न येणाऱ्यांसाठी नंबर पुकारणाऱ्या ध्वनिक्षेपकाचा आवाज दुप्पट केला. त्यावर शेजारच्या गल्लीतून तक्रारी आल्या, यावरून सेवा किती दूरवर पोहोचली याची कल्पना यावी.

तपासनीस आले ते घाईत होते. त्यांच्यापुढे प्रश्न होते आणि उत्तरे आहे किंवा नाही एवढीच द्यायची होती.

"रॅम्प?"

"आहे."

"लिफ्ट?"

"आहे."

"ब्रेल फलक?"

"आहे. काचेत."

"व्वा, काचेत! सुगम्यता अधिकारी?"

"आहेत."

"कुठे आहेत?"

मी खिडकीतून खाली पाहिले. बाई त्या दिवशीही आल्या होत्या. "आवारात आहेत," मी म्हणालो.

"म्हणजे प्रत्यक्ष पाहणी करतायत. हे फार कमी ठिकाणी दिसतं," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी आम्हाला पूर्ण गुण दिले. बाईंचा या यशात मोठा वाटा होता, ही गोष्ट मी साहेबांच्याही कानावर घातली.

अशा रीतीने महिना सरत आला आणि शेवटचा दिवस उजाडला.

बाई कार्यालय उघडायच्या आधीच फाटकात होत्या. नवे कपडे घातले होते. आज रुजू झाल्या नाहीत तर नेमणूक रद्द, हे त्यांना ठाऊक होते. मला ठाऊक होते. इमारतीतल्या सर्वांनाच ठाऊक होते. आणि माणुसकी काय असते ती अशाच वेळी दिसते. आमचा अख्खा कर्मचारीवर्ग खाली आला. शिपाई, चालक, लेखा शाखेतले दोन तगडे कारकून, सगळ्यांनी बाह्या सरसावल्या. साहेब स्वतः पुष्पगुच्छ घेऊन उभे राहिले. फोटोवाला बोलावला होता.

"मॅडम," साहेब गहिवरून म्हणाले, "काळजीच करू नका. हे चौघे तुम्हाला खुर्चीसकट उचलून दुसऱ्या मजल्यावर नेतील. अगदी फुलासारखं."

टाळ्या वाजल्या. कामासाठी रांगेत उभे असलेले नागरिकही वळून पाहू लागले. एका काकूंनी तर डोळ्यांना रुमाल लावला.

"नको," बाई म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या.

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे उचलायला नको. मुलाखतीला उचललं होतंत तुम्ही, साहेब."

हे खरे होते. मुलाखतीही दुसऱ्या मजल्यावरच झाल्या होत्या आणि त्या वेळी साहेबांनी तोंडी आदेश देऊन बाईंना फाटकापासूनच उचलून वर आणवले होते. पुढचे आत्यांनीच सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. "वर नेलंत. जिन्यात एकदा टेकवलीत, एकाचा हात सुटला, पोरीनं कठडा धरला म्हणून वाचली. मुलाखत झाली, सगळे जेवायला गेले. मग कामाला लागले. मग घरी गेले. ही आपली वरच बसलेली. मी खाली वाट बघतेय. अंधार पडल्यावर झाडूवाल्या बायकांनी उतरवली तिला. दिवसभर पोटात पाण्याचा थेंब नाही. का? तर बाथरूमला कोण नेणार!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले.

"आदेश वर नेण्याचा होता," मी हळूच सांगितले. "खाली आणण्याबाबत आदेश नव्हते."

"ते झालं ते झालं," साहेब म्हणाले. "आज आम्ही खालीही आणू. शब्द देतो."

"आणि उद्या?" बाईंनी विचारले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला इथे नोकरी करायचीय, साहेब. रोज यायचंय. रोज चौघं काम सोडून माझ्यासाठी थांबणार? मला मधेच खाली यायचं असेल, पाणी प्यायला जायचं असेल, तर काय करू? अर्ज करू?"

"अर्ज कशाला? तोंडी सांगितलं तरी चालेल," साहेब उदारपणे म्हणाले.

"माझं मला जाता आलं पाहिजे. त्याचीच तर नोकरी दिलीत ना मला? ही साखळी काढा. आत्या आणि कोणीतरी एकजण हात देतील, मी दारापर्यंत येते. तिथून लिफ्टनं जाऊ. तुम्ही पण चला बरोबर. नाहीतरी चाचणी घ्यायचीच आहे तुम्हाला."

साहेब क्षणभर डळमळले, हे मी कबूल करतो. त्यांची नजर लिफ्टकडे गेली होती. अशा वेळी वरिष्ठांना सावरणे हे अधीक्षकाचे कर्तव्य असते. मी लक्षात आणून दिले की साखळी समितीच्या एकमताच्या निर्णयाने लावलेली आहे आणि समिती आता अस्तित्वात नाही, त्यामुळे ती काढण्याचा अधिकार कोणालाच नाही. शिवाय लिफ्टची चाचणी आजवर एकट्या साहेबांच्या वजनावर झालेली आहे. मध्येच दुसरी व्यक्ती आणि खुर्ची घेतली तर वर्षभराचे निष्कर्ष वाया जातील. साहेब सावरले.

एव्हाना रांगेतले लोक कुजबुजू लागले होते, मग उघड बोलू लागले.

"अहो बाई, चार माणसं एवढ्या मायेनं पुढे आलीत. एवढं काय त्यात?"

"एकदा वर जाऊन सही करा की. पुढचं पुढे."

"गरज तुम्हाला आहे ना? मग थोडं नमतं घ्यावं माणसानं."

"आमची कामं खोळंबलीत तुमच्यापायी."

ज्या काकूंनी मघाशी डोळ्यांना रुमाल लावला होता त्यांनी तो पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "हट्टी दिसते."

बाईंनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिले. मला वाटले, आता त्या काहीतरी लागेल असे बोलतील. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्या एवढेच म्हणाल्या, "मी कामाला आलेय हो. सामान नाहीये मी." मग त्यांनी खुर्ची वळवून साखळीसमोर आणली, चाकांना ब्रेक लावला आणि तिथे बसून राहिल्या.

त्या दिवसभर तिथे बसल्या. लोक पायऱ्यांवरून त्यांच्या शेजारून वर जात होते आणि खाली येत होते. फोटोवाल्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग साहेबांचा एकट्याचाच पुष्पगुच्छासह फोटो काढला. दुपारी ऊन आले तेव्हा आत्यांनी आपला पदर त्यांच्या डोक्यावर धरला. मी खिडकीतून हे सर्व पाहत होतो. मला वाईट वाटले. वाईट वाटण्याला पूर्वपरवानगी लागत नाही, त्यामुळे मी ते बराच वेळ वाटू दिले. कार्यालय सुटायची घंटा झाली, तेव्हा आस्थापना शाखेने नियमाप्रमाणे शेरा मारला: उमेदवार विहित मुदतीत शाखेत समक्ष हजर राहिल्या नाहीत, नेमणूक रद्द. शेरा अचूक होता. उमेदवार खाली साखळीशी हजर होत्या, पण शेरा शाखेबद्दल होता.

जाताना आत्या माझ्यापाशी थांबल्या. शिव्या देतील अशी मी तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "तिची आधीची नोकरी चांगली होती हो. तळमजल्यावर होती." आणि खुर्ची ढकलत निघून गेल्या.

बाई कोर्टात जातील अशी साहेबांना थोडी धास्ती होती. आमच्या कायदा सल्लागारांनी ती दूर केली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. सल्लागारांनी जाऊन पाहिले, तिथे पायऱ्याच आहेत, रॅम्प नाही.

पण पद रिकामे ठेवून चालणार नव्हते. पूर्ण गुण मिळालेल्या कार्यालयाला सुगम्यता अधिकारी नाही हे शोभले नसते. तेव्हा सर्वांच्या डोळ्यांपुढे एकच नाव आले. आवकजावकांचा पाय अजून प्लास्टरमध्ये होता, म्हणजे दिव्यांगत्वाची अट तात्पुरती का होईना पूर्ण होत होती. शिवाय रॅम्पचा प्रत्यक्ष अनुभव असलेले कार्यालयात ते एकटेच. त्यांना अतिरिक्त कार्यभार देण्यात आला. तो स्वीकारायला दुसऱ्या मजल्यावर समक्ष हजर राहणे भाग होते, आणि इथे आवकजावकांच्या वागण्यातला सालसपणा दिसून आला. चौघांनी उचलले, ते हसत हसत उचलले गेले. जिन्याच्या वळणावर डोके भिंतीवर आपटले तर तेच "सॉरी" म्हणाले. वर गेल्यावर त्यांनी चौघांना चहा पाजला. संध्याकाळी त्यांना खाली आणण्याचा आदेश या वेळी मी सकाळीच काढून ठेवला होता. प्रशासन अनुभवातून शिकत असते.

पदावर बसताच त्यांनी पहिले प्रमाणपत्र दिले. इमारत संपूर्णपणे सुगम्य असून, चार माणसे उपलब्ध असल्यास कोणतीही दिव्यांग व्यक्ती कोणत्याही मजल्यावर पोहोचू शकते, याचा त्यांनी स्वतः अनुभव घेतलेला आहे. आता लिफ्टवाचून माणूस वर पोहोचतो असे सिद्ध झाल्यावर लिफ्ट जनतेसाठी खुली करण्याचा प्रश्नच उरला नाही. रॅम्पच्या दुरुस्तीचेही तसेच. दोन्ही प्रस्ताव गरज नसल्याने बंद करण्यात आले. एकाच कागदाने एवढे प्रश्न मिटल्याचे माझ्या सबंध नोकरीत मी पाहिलेले नाही.

बाई हल्ली घरी असतात. शेजारच्या मुलांना चित्रकला शिकवतात असे शिपाई सांगत होता. हुशार बाई. चांगले काम झाले असते त्यांच्या हातून, असे आम्ही सगळेच अजूनही म्हणतो, चहाच्या वेळी.

मध्यंतरी आवकजावकांचे प्लास्टर निघाले. पाय अगदी पूर्ववत झाला आणि त्यामुळे त्यांना सुगम्यता अधिकारीपद सोडावे लागले. पद पुन्हा रिक्त आहे. या वेळी साहेबांचा आग्रह आहे की शारीरिक अटीत फार अडकू नये, 'शक्यतो' हा शब्द आहेच. माणूस समजूतदार हवा. म्हणून हा सर्व वृत्तांत मी मुद्दाम सविस्तर लिहिला. वाचकहो, हे वाचताना, रांगेतले ते लोक बोलत होते त्याच्याही थोडे आधी, 'चार माणसं एवढ्या मायेनं उचलत होती, तर बाईंनी एवढं ताणायला नको होतं' असे आपल्या मनात एकदा तरी आले असेल, तर ज्यांना आम्ही शोधत आहोत ते आपणच. अर्ज करू नका. वर येण्याचीही तसदी घेऊ नका. आमच्या हिशेबी आपण केव्हाच रुजू झालेले आहात.